मेल टाकलाय, बघून घ्या

आमच्या शेठचा एक कायदा होता. मेल पाठवला की लगेच फोन करायचा. "बेन, मेल नाख्यो? तो फोन करी दो." पलीकडच्या माणसाला सांगायचं, मेल टाकलाय, बघून घ्या. तो बघणार, हो म्हणणार, आणि मगच काम झालं असं धरायचं.

मला याचा भारी राग यायचा. मी तशी रागीटच आहे, नाकाच्या शेंड्यावर राग असं माझी सासू म्हणते आणि ते खोटं नाही. "मग फोनवरच सांगू या ना सगळं, मेल कशाला?" असं मी शेठना तोंडावर म्हटलंही होतं. शेठ मूळचे गुजराती, पण आमच्याशी बोलताना त्यांची स्वतःची एक मराठी काढतात. ते म्हणाले, "बेन, मुलगी सासरी पाठवली तर आपण फोन करून विचारते ना, पोचली काय? तसाच हाय ते." मी मान हलवली आणि फोन लावला. सिल्वासातल्या बहुतेक लहान कंपन्यांत असंच चालतं, त्यामुळे फार वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आमची कंपनी राखोलीच्या रस्त्याला, दमणगंगेच्या अलीकडे. औषधांच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनवतो. मी क्वालिटीत, म्हणजे झाकण बाहेर जाण्याआधी ते नीट आहे का हे बघणारी. लाइनी दोन. एका लाइनवर फुटकळ गिऱ्हाइकांची साधी झाकणं निघतात. दुसऱ्या लाइनवर फक्त एकाच गिऱ्हाइकाचं झाकण निघायचं, खोकल्याच्या औषधाचं, खाली रिंग असलेलं. पहिल्यांदा फिरवलं की कट्ट आवाज होऊन रिंग सुटते ते. गिऱ्हाईक मुंबईची एक मोठी औषध कंपनी. त्या एका झाकणावर ती अख्खी लाइन चालायची.

आणि त्या लाइनवर होती आक्का. लाइन सांभाळायला शेठनी नेमलेली, शिरपूरकडची बाई. मीही धुळ्याची, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेली, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. तिच्या डब्यात ठेचा असायचाच, आणि तिची अहिराणी ऐकली की मला माहेरच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं. नवरा नसलेली बाई. मुलगी इथल्या मराठी शाळेत नववीला. लाइन चालू तर आक्काचं घर चालू, इतकं ते सरळ होतं. पहिल्या लाइनवर आधीच एक बाई नेमलेली होती, दुसरी लागणार नव्हती.

आता मुंबईच्या त्या कंपनीत आमचं काम बघणारे एक खरेदी-साहेब होते. कोकणातले, सावकाश बोलणारे. मी मेल पाठवायची, मग कायद्याप्रमाणे फोन करायची. ते म्हणायचे, "थांबा हां, बघतो." मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. मग, "हां, सापडला." वर्षानुवर्षं हेच. सापडला या शब्दाचा मी कधी विचार केला नाही. त्यांच्याकडे खूप मेल येत असतील, म्हातारा माणूस, शोधायला वेळ लागत असेल, एवढंच मला वाटायचं. मनातल्या मनात मी त्यांना हसायचेही.

ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवीन बाई आल्या. त्यांनी सगळ्या पुरवठादारांना एक मेल पाठवला, की यापुढे सगळा व्यवहार लेखी, मेलवरच. फोन घेतले जाणार नाहीत. मला तर आनंदच झाला. म्हटलं, चला, एकदाचं कुणीतरी शहाणं माणूस आलं. शेठ मात्र डोकं खाजवत म्हणाले, "फोन नाय, तो खबर कशी पडणार?"

पावसाळा सरता सरता त्या बाईंचा मेल आला. एका खेपेतली झाकणं सैल आहेत, बाटली आडवी केली की औषध पाझरतं. कारण शोधा, उपाय लिहा, आठवड्याभरात उत्तर द्या. या धंद्यात अशा तक्रारी येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. उत्तर नीट दिलं की गिऱ्हाईक उलट जास्त विश्वास ठेवतं. मी आणि आक्का साच्यापाशी उभ्या राहिलो. साचा गार ठेवणाऱ्या पाण्याच्या एका नळीत गाळ बसला होता, त्यामुळे एका बाजूची झाकणं थोडी मोठी निघत होती. नळी साफ केली, पाण्याला गाळणी बसवली, नवीन झाकणं तपासली. मी सगळं लिहून काढलं, फोटो जोडले आणि मेल पाठवला. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं उत्तर होतं, हे मी आजही सांगते.

फोन करायचा नव्हताच. मी खुर्चीत मागे टेकून चहा प्यायले.

आठवडा गेला आणि त्यांचा मेल आला की तुमच्याकडून उत्तर मिळालेलं नाही. मी चिडले. बाई वाचत नाहीत आणि वर आम्हालाच विचारतात! तोच मेल पुन्हा पाठवला, वर एक ओळ लिहून, थोडी ठसक्यातच. पुन्हा त्यांचा मेल, उत्तर मिळालेलं नाही. मी पुन्हा पाठवला. पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या कॉम्प्युटरवर 'सेंट'मध्ये सगळे मेल ओळीने दिसत होते. एकही परत आला नव्हता, चुकीचा पत्ता वगैरे काही सूचना नव्हती. त्यांचे मेल मात्र आमच्याकडे व्यवस्थित येत होते. म्हणजे ते आम्हाला ऐकू येत होते आणि आम्ही त्यांना ऐकू जात नव्हतो.

मी फोन लावला. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, मॅडम फोनवर बोलत नाहीत, कृपया मेल करा. मी म्हटलं, मेल पोचत नाही म्हणूनच तर फोन केलाय. ती म्हणाली, मग तसं मेलवर कळवा ना. मी तिच्यावर इतकी ओरडले, की शेजारच्या केबिनमधून शेठ बाहेर आले. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी तरी काय करू?" तिचंही खरंच होतं. तिच्या हातात काय होतं?

माझ्या स्वतःच्या मेलवरून पाठवून पाहिलं. आपोआप उत्तर आलं, फक्त पुरवठादाराच्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच मेल स्वीकारले जातात. कुरियरने कागद पाठवले. त्यांच्या गेटवरच्या शिक्क्यासकट पोचपावती आली आणि पुढे ते कागद कुठे गेले, देव जाणे. गुडघे दुखत असताना शेठ स्वतः मुंबईला गेले. भेटीची वेळ मेलवरून घ्यावी लागते म्हणून त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. येऊन ते माझ्यासमोर बसले आणि पाणी मागितलं. वाद नाही, शिव्या नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

डबा उघडताना आक्का रोज विचारायची, "जवाब उना का ताई?"

"नाही गं."

"तू तं लिखीसन धाडं ना?"

"धाडलं. किती वेळा धाडलं."

"मंग त्यास्ले भेटनं कसं नही?" मी बी.एस्सी. झालेली बाई, मला एवढंही सांगता येईना. ठेच्याकडे बघत जेवायची.

शेवटी शेठनी त्या निवृत्त साहेबांचा घरचा नंबर मिळवला आणि फोन स्पीकरवर लावला. साहेबांनी आधी सगळ्यांची चौकशी केली, पावसाची केली, मग अगदी सहज म्हणाले, "पण तुमचे मेल माझ्याकडे नेहमी जंकमध्येच यायचे हो. कचऱ्याच्या खोक्यात. आधी बरे यायचे, मग कधीपासून तरी तिथेच पडायला लागले. तुमचा फोन आला की मी तिथून उचलून घ्यायचो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच फोन करता ना?"

शेठनी माझ्याकडे बघितलं, मी शेठकडे. कित्येक वर्षं आमचा प्रत्येक मेल कचऱ्यात पडत होता, आणि आमचा फोन त्याला रोज कचऱ्यातून उचलत होता. फोनची सवय नसती, तर पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती आणि कुणीतरी दुरुस्त केलं असतं. सवयीने दुखणं झाकून ठेवलं होतं, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो.

जंकमध्ये बघा, एवढा निरोप द्यायला मी मुंबईला पुन्हा फोन केला, तर पुन्हा तेच, कृपया मेल करा. मग वापीहून एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, दर वाक्याला चष्मा वर करणारा माणूस. त्याने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मेलच्या पत्त्यात शेवटी कंपनीचं जे नाव असतं त्याला डोमेन म्हणतात. त्या नावाखाली इंटरनेटवर एक जाहीर पाटी लावलेली असते, की आमचे मेल अमुक यंत्रावरून निघतात, बाकीचे आमचे नव्हेत. समोरची मेल-कंपनी ती पाटी वाचून ठरवते, खरा कोण आणि तोतया कोण. शिवाय प्रत्येक मेलवर डोळ्यांना न दिसणारी एक सही लागते. काही वर्षांपूर्वी शेठनी मेलची सेवा बदलून दुसऱ्या कंपनीची घेतली. पाटी मात्र जुनीच राहिली आणि नवी सही कुणी चालूच केली नाही. म्हणजे जगाच्या दृष्टीने आमचेच मेल आमच्या नावाने कुणीतरी तोतया पाठवत होता.

"आणि बेन, या दिवाळीच्या शुभेच्छा कोण पाठवतं?" त्याने विचारलं.

शेठ पाठवायचे. दरवर्षी गुजराती नववर्षाला, बेस्तुं वरसला, लक्ष्मीचं मोठं चित्र घालून, आजवर जमलेल्या प्रत्येक पत्त्यावर, एकगठ्ठा. प्रदर्शनात कार्ड दिलेले लोक, दहा वर्षांपूर्वीची गिऱ्हाइकं, कुणाला सोडायचे नाहीत. मोठ्या मनाचा माणूस. ते लोक, हे कोण बुवा, म्हणत आणि नको असलेला मेल म्हणून स्पॅमचं बटण दाबत. तोतयाचा संशय होताच, त्यात हा बोभाटा. शेठ म्हणाले, "साल मुबारक बोलणं पण गुन्हा झाला?"

मला खरा राग आला तो त्याच्या पुढच्या बोलण्याने. तो म्हणाला, यात अवघड काही नाही. पाटीवर आणखी एक ओळ लिहायची असते, की आमच्या नावाने संशयास्पद मेल दिसला तर काय करायचं आणि रोज आम्हाला त्याचा अहवाल कुठे पाठवायचा. तो अहवाल अधूनमधून कुणी डोळ्याखालून घातला, तरी असलं कळतं. बस. आमच्या कंपनीत आम्ही काय तपासत नाही? वजनकाट्याला दरवर्षी सरकारी शिक्का. कॉम्प्रेसरचा दाब पाळीला पाळीला. आग विझवायच्या लाल नळकांड्यांच्या तारखा. झाकण उघडायला किती जोर लागतो ते बघायला वेगळं यंत्र. तपासल्याशिवाय एक झाकण गेटबाहेर जात नाही. आणि ज्याच्यावर सगळा व्यवहार चालतो तो मेल? 'सेंट' दिसलं की झालं! नळ सोडला म्हणजे पाणी पोचलं, असं आमच्या कारखान्यातला कुणी शिपाईसुद्धा म्हणणार नाही. मेलच्या बाबतीत मात्र आम्ही सगळे तेच म्हणत होतो.

मग आज दुरुस्त करा, मी म्हटलं. तर पाटी बदलायला पासवर्ड लागतो. तो होता शेठच्या पुतण्याकडे. वेबसाइट बनवताना त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि मग तो कॅनडाला गेला. शेठनी फोन केला की तिकडे तो झोपलेला असायचा, तो फोन करायचा तेव्हा शेठ पूजेला. "काले करी दउं, काका." त्याचं उद्या काही उगवेना. मग तो तिथूनच सूचना द्यायला लागला, हे बघा, ते बघा. उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. मी एकदा फोन ओढून घेऊन त्याला सांगितलं, "भाऊ, इथे एका बाईची लाइन बंद पडायला आलीये." तो म्हणाला, कसली लाइन? इंटरनेटची?

अशात मुंबईचा निर्वाणीचा मेल आला. लगेच आला, सरळ आला, कुठल्याही कचऱ्यात पडला नाही. वारंवार विचारूनही उत्तर न दिल्यामुळे मान्य पुरवठादारांतून तुमचं नाव काढत आहोत. वारंवार विचारूनही! मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. काय करायचं? खोटं काही नव्हतं त्यात. त्यांच्या बाजूने बघितलं तर आम्ही खरंच तोंड शिवून बसलो होतो.

लाइन बंद झाली. साचा उतरवून, तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. आक्काच्या हाताखालच्या चार मुलींना शेठनी पहिल्या लाइनवर घेतलं. आक्काला मीच सांगायचं ठरलं, कारण शेठना ते जमेना. ती म्हणाली, "आम्हनं काय चुकनं ताई? नळी तं साफ करी ना आपन."

"आपलं काही चुकलं नाही, आक्का."

"मंग?"

मी तिला पाटीचं, सहीचं, तोतयाचं सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती, मान डोलावत होती, आणि मला दिसत होतं की तिला ते पटत नाहीये. मला तरी कुठे पटत होतं? यंत्र मोडलं तर दाखवता येतं. साचा फुटला तर दोन तुकडे हातात घेता येतात. इथे तर काहीच मोडलं नव्हतं.

इथून जवळच, अथालकडच्या कंपन्यांत तिने विचारलं. तिथे ठेकेदारामार्फत घेत होते, तेही तरण्या मुली. शेवटी तिने दिवाळीनंतर भावाकडे शिरपूरला जायचं ठरवलं. मुलीच्या शाळेचा दाखला मात्र तिने काढला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुन्हा मेल पोचना म्हंजे त्यास्ले समजई ना, की आम्ही जवाब धाडेल व्हता. मंग लाइन चालू व्हई. कशाले काढू दाखला?" मी हो म्हटलं. मलाही तेच वाटत होतं, खरंच वाटत होतं. एकदा का आमचं उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं, तारखांसकट, फोटोंसकट, की त्या बाई माणूसच आहेत, त्यांना कळेल.

पासवर्ड एकदाचा आला. वापीवाल्याने पाटी बदलली, सही चालू केली, रोजचा अहवाल माझ्याकडे यायची सोय केली. बैल गेला आणि झोपा केला, असं मी म्हटलं, पण मनात अजून धुगधुगी होती. तो म्हणाला, बदल सगळीकडे पसरायला थोडा वेळ द्या, परवा सकाळी पाठवा.

ती परवाची सकाळ म्हणजेच आक्का निघाली तो दिवस. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी, मुलगी खिडकीशी. धुळ्याची एसटी लागली होती. मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर."

"करसू. तू बी कर. जवाब उना की लगेच कर. दुसऱ्या दिवशी हाजिर व्हसू मी."

तिथून मी थेट कंपनीत गेले. सगळं उत्तर पुन्हा एकदा वाचलं, जुने मेल तारखांसह खाली जोडले, आमचे मेल का पोचत नव्हते ते चार ओळींत लिहिलं. विनंती लिहिली. मी कुणाला सहसा विनंती करत नाही, पण लिहिली. शेठ मागे उभे होते. पाठवल्यावर सवयीने त्यांचा हात फोनकडे गेला आणि परत खाली आला.

चहा यायच्या आत उत्तर आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! मी खुर्चीतून उठलेच. आपला मेल मिळाला, धन्यवाद. तांत्रिक अडचण समजली, वाईट वाटलं. दरम्यान या झाकणासाठी दुसऱ्या पुरवठादाराशी करार पूर्ण झाला आहे. पुढे नवी नोंदणी सुरू झाल्यास आपण अर्ज करू शकता. भाषा सभ्य होती, माणुसकीची होती. मी त्या बाईंवर रागवायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. शेठ केबिनमध्ये गेले. मी अहवाल उघडून बघितला. सगळं हिरवं होतं. आमचा प्रत्येक मेल आता जगात कुठेही पोचत होता.

संध्याकाळी घरी कुकर लावत होते तेव्हा फोन वाजला.

"पोचनू ताई." पलीकडे माणसांचा गलका होता, भावाचं घर भरलेलं असावं. "गाडीमा गर्दी नव्हती. पोर झोपनी." आणि मग लगेच, "जवाब उना का?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "आला, आक्का. मेल पोचला आपला. वाचला त्यांनी."

मी पुढचं सांगणार, तोवर तिने फोन बाजूला धरून मेल पोचल्याचं घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, मेल पोचना, कंपनीना मेल पोचना! मुलीचा झोपेतला आवाज ऐकू आला, काय झालं आई म्हणून. मग आक्का पुन्हा फोनवर आली.

"बरं व्हयनं माय," ती म्हणाली, "पोरना दाखला काढा नही ते."